दरडोई

अर्जाची शेवटची तारीख एकतीस डिसेंबर.
मी तो दरवर्षी तीस तारखेच्या संध्याकाळी भरते.
नगरपालिकेतला हीटर खोकत असतो,
रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी एकदा जाते, एकदा येते,
बाकी टॅबर क्रीक, आयोवा, झोपलेलं.

अटी चार.
झाडांची समिती: आहे. पाच जण, त्यातले दोघे नवरा-बायको,
सध्या एकमेकांशी बोलत नाहीत.
झाडांचा कायदा: आहे. नऊ पानी. सातवं पान हरवलंय,
अजून कुणाचं अडलेलं नाही.
वृक्षदिन: साजरा केला. तिसरीच्या मुलांनी एक ओक लावला,
एफ्राइनने त्याचं नाव ट्रॅक्टर ठेवलं.
आणि चौथी,
झाडांवर दरडोई दोन डॉलर खर्च.

गावात डोकी एक हजार नऊशे चौदा.
झाडांची डोकी अर्जात कुणी विचारत नाही.

सोळा वर्षं हा आकडा मी ओढूनताणून आणला.
ओरिनच्या करवतीचं तेल धरलं,
कुदळीचे दोन दांडे धरले,
तरी तीनशे-चारशे कमीच पडायचे
आणि मग मी लुडमिला हुल्काला फोन लावायचे.
वय एक्याऐंशी. दुधाच्या जुन्या कॅनमधून
उन्हाळाभर ग्रंथालयापासून चर्चपर्यंत पाणी घालते.
फुकट केलेल्या कामाचे तासही पैशांत धरता येतात,
योजनेत तशी सोय आहे.
"किती तास झाले, लुडमिला?"
"पाणी घातलं. तास कशाला मोजू?
गाईला चारा घालताना तू घड्याळ बघतेस?"
फोन खाली. मी अंदाजाने पन्नास लिहायचे.

यंदा फोन करावा लागला नाही.
यंदा तो किडा आला, पाचूसारखा हिरवा,
नखावर मावेल एवढा,
सालीच्या आत आपली वेडीवाकडी अक्षरं गिरवत बसला,
आणि एकशे बारा अ‍ॅश पाडावे लागले.
क्रेनचं भाडं. बुंधे दळायचं यंत्र. बाहेरगावची चार माणसं.
तोडणंही निगेत धरतात. पान दोन, ओळ अकरा.
बेरीज मी तीनदा केली.
दरडोई एकतीस डॉलर.

इतकं आम्ही झाडांसाठी कधीच केलं नव्हतं.
संगणकाने चौकट हिरवी केली, खाली विचारलं,
प्रगतीच्या विशेष पुरस्कारासाठीही
अर्ज करायचा आहे का?

मी खिडकीबाहेर पाहिलं. ग्रंथालय दिसलं.
या खिडकीतून पूर्वी ग्रंथालय दिसत नसे.

तेवढ्यात दार वाजलं. बुटांवरचं बर्फ आपटत लुडमिला,
हातात बियाणं कंपनीची फुकट वाटलेली वही.
"लिहून आणलंय. तुला दरवर्षी हवं असतं ना."
पेन्सिलीने, तिरक्या अक्षरात:
जून ९. पाणी. तीन तास.
जून १२. पाणी. कॅन गळतोय.
सप्टेंबर ४. शाळेसमोरचा मोठा. पाणी नाही.
दोन तास चाळीस मिनिटं. नुसती उभी होते.
सप्टेंबर ५. तिथंच. आज खुर्ची नेली.
असं पुढे, ऑक्टोबर संपेपर्यंत.

सांगणार होते, यंदा नाही लागत गं,
आकडा केव्हाच पार झालाय.
नाही सांगितलं.
तिला रकाने वाचून दाखवले:
लागवड, पाणी, छाटणी, तोड, इतर.
"उभं राहणं कशात धरू?"
तिने चश्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"तोडीत धर. त्या चौघांबरोबर होते मी."

एकेचाळीस तास. ओळ अकरा.
पुरस्काराची चौकट मी कोरी ठेवली.

मार्चमध्ये पाकीट आलं, त्यात वर्षाची छोटी पट्टी.
ओरिनने वेशीवरच्या पाटीखाली ती लावली, सतरावी,
जराशी वाकडी.
वारा आता तिथे थेट शेतांवरून येतो.
पाटी रात्रभर वाजते.